कुणी मारलं माझ्या राजाला?

अनगोळ, बेळगाव
बुधवार, दुपार (समर्थ झोपलाय, म्हणून अक्षर घाईचं आहे)

तीर्थस्वरूप आत्तींच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एक सुनेचा, म्हणजे रूपालीचा, नमस्कार. खरं तर पायावर डोकं ठेवूनच करायला हवा, पण हल्ली मी खाली वाकले की तुमचा नातू पाठीवर चढून केस धरतो, तेव्हा हा लांबूनच गोड मानून घ्यावा.

तुमचे गुडघे कसे आहेत? निपाणीची हवा मानवली का? दिपाली वन्संच्या घरामागे तंबाखूची वखार, तिथे आम्ही सगळे गेलो की शिंकून शिंकून बेजार होतो, तुम्हाला मात्र तिथे मोकळा श्वास घेता येतोय असं कळलं. ऐकून बरं वाटलं. इथे तुमचा श्वास कोण अडवत होतं ते मी विचारणार नाही. जावईबापू बरे आहेत ना? सासू घरी येऊन गणपती गेले, दसरा गेला, आता दिवाळी आली, तरी त्यांचा चेहरा हसराच असतो असं वन्सं सांगतात. (वन्सं, आत्तींचा चष्मा समर्थनं फोडल्यापासून त्यांना येणारं सगळं तुम्हीच वाचून दाखवता, तेव्हा हेही तुम्हीच वाचत असणार. एकच विनंती आहे. कंसातलंसुद्धा मोठ्यानं वाचा. तुम्ही गाळून वाचता हे मला माहीत आहे. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी पाठवलेलं पत्र तुम्ही असंच वाचलं होतंत आणि मग मानपानाच्या वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते.)

आता पत्र कशाला, फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. फोन आहे, तो वाजतोही, पण तो वन्सं उचलतात आणि तुम्ही नेमक्या आंघोळीला गेलेल्या असता. संध्याकाळी केला तर देवळात गेलेल्या असता. इतकी आंघोळ आणि इतका देव तुम्हाला इथे असताना कधी सुचला नव्हता. म्हणून हे पत्र आपल्या गल्लीतल्या भावकूभावजींच्या हाती देते आहे. ते उद्या पहाटे टेम्पो घेऊन निपाणीला निघतायत. त्यांना मी सांगितलंय की पत्र आत्तींच्या हातात द्यायचं आणि ते वाचून संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या मनाला उगाच घोर नको. तुम्हाला परत बोलवायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही अगदी आरामात राहा. इथलं आम्ही बघून घेतोय. जयाबाईंनी समर्थला पाळणाघरातून काढलाय, माझी रजा शनिवारी संपतेय आणि सोमवारी मी पतसंस्थेत कामावर यायचं नाहीतर राजीनामा पाठवायचा असं आमच्या चेअरमन साहेबांनी फार गोड आवाजात कळवलंय, एवढंच काय ते. बाकी सगळं क्षेम आहे.

समर्थची प्रकृती ठणठणीत आहे. वजन वाढलंय. दात सगळे आलेत आणि सगळे वापरात आहेत. या वयात पोरं हट्टी असतातच, हे आता मला अनगोळातल्या प्रत्येकानं सांगून झालंय, परवा दूधवाल्यानंही सांगितलं. पण हट्ट म्हणजे लोकांना वाटतं खाऊ मागणं, खेळणं मागणं. ते मागावं, आपण द्यावं किंवा देऊ नये, इतकं सोपं. समर्थ जे मागतो ते देवालाही देता यायचं नाही. परवा त्याला आंघोळ घातली. अंगावर ओतलेलं पाणी मोरीतून वाहून गेलं. ते त्याला परत पाहिजे. दुसरं नको, तेच पाहिजे. मी बादली भरून आणली आणि ‘हे बघ, आलं परत’ असं धडधडीत खोटं बोलले. त्यानं बादलीत डोकावून बघितलं आणि ‘ह्ये न्हाय’ म्हणाला. पाणी ओळखणारं मूल मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यानं तांब्या फेकला, साबण फेकला, आणि फेकायला काही उरलं नाही तेव्हा दोन्ही मुठी वळून ओल्या अंगानं माझ्यावर धावून आला. दंडाला असा चावलाय की मी घरातसुद्धा लांब बाह्यांचा ब्लाउज घालते आहे. सगळं उरकल्यावर मोरीच्या भोकाशी तोंड नेऊन तो पाण्याला ‘ये, पानी, ये’ अशा हाका मारत बसला. मला हसू आलं आणि त्याच क्षणी असंही वाटलं की बाहेरून कडी घालावी आणि पायात चप्पल सरकवून चौकाच्या दिशेनं चालायला लागावं. पुढे कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. (वन्सं, एवढं वाक्य जरा हळू वाचा.)

तुमचे चिरंजीवही बरे आहेत. उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी संपवून घरी येतात तेव्हा समर्थ त्यांच्या मांडीवर जाऊन असा बसतो की बघणाऱ्याला वाटावं, या पोराच्या तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही. ‘माझ्याजवळ तर गप ऱ्हातोय की गं,’ असं नागेंद्र मला सांगतात. दररोज सांगतात. त्यांचा चहा संपेपर्यंत तो खरोखरच गप राहतो. चहा संपला आणि त्यांनी मांडी मोडली की किंकाळी सुरू होते, आणि मग ‘रूपा, बघ गं ह्याला जरा’ असं म्हणून ते बाहेर स्कूटर पुसायला जातात. आपली स्कूटर सध्या अख्ख्या गल्लीत सगळ्यात स्वच्छ आहे. तुम्ही असतात तर तुम्हाला मुलाचा अभिमान वाटला असता.

उपाय म्हणाल तर आम्ही काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. शेजारच्या मंगलकाकूंनी दृष्ट काढायचं मनावर घेतलं. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या ओवाळत होत्या, ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मी भाविकपणे हात जोडून उभी होते. समर्थनं ती मूठ धरली, उघडली, त्यातली मिरची घेतली आणि तोच हात डोळ्याला लावला. पुढचं सांगत नाही. काकू तिसऱ्या घरापर्यंत पळाल्या आणि तिथून ओरडून म्हणाल्या, ‘दृष्ट लई कडक हाय गं रूपाली, अमावास्येला परत काढूया.’ अमावास्येला मी त्यांच्या घराला कुलूप बघितलं. दिपाली वन्संनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता, तोही करून बघितला. (वन्सं, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते.) त्यातली बाई म्हणते की मूल चिडलं की त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं आणि शांत आवाजात त्याच्या भावनेला नाव द्यायचं. मी बसले. आवाज शांत केला, त्याला किती कष्ट पडले ते माझं मला ठाऊक, आणि म्हटलं, ‘समर्थ, तुला राग आलाय, हो ना?’ तो थांबला. त्यानं नीट विचार केला. ‘व्हय,’ म्हणाला, आणि पातळीवर आलेल्या माझ्या डोळ्यात बोट घातलं. त्या व्हिडिओतल्या बाईंना बहुतेक मूल नसावं, आणि असलं तर ते सांभाळायला घरी कुणीतरी आत्ती असाव्यात.

तर आता जे मनात आहे ते लिहिते. राग मानू नका, आणि मानलात तरी तुम्ही आधीच निपाणीला जाऊन बसला आहात, आणखी लांब जाऊन जाऊन कुठे जाणार? समर्थ पहिल्यांदा चालायला लागला आणि देवघराच्या उंबऱ्याशी पडला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत तुम्ही त्याला उचललं होतंत. ‘कुणी मारलं माझ्या राजाला? हिनं? ह्या भुईनं? हात् रे भुईला! हात्!’ असं म्हणून तुम्ही भुईला फाडफाड मारलंत आणि त्याचा हात धरून त्यालाही मारायला लावलंत. रडणं तिथल्या तिथे थांबलं. मला तेव्हा वाटलं, काय अनुभव आहे आत्तींचा! असं सगळ्याच घरांत करतात, माझ्या आईनंही केलं असेल, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही त्यात काही शिल्लकच ठेवलं नाहीत. कपाटाला मारलंत, खुर्चीला मारलंत, दाराच्या कडीला मारलंत, पाय भाजला तेव्हा स्कूटरच्या सायलेन्सरलाही चपलेनं मारलंत. बिचाऱ्या स्कूटरचं म्हणणंही कुणी ऐकून घेतलं नाही. आपल्या पोराचा तोल गेला आणि ते आपलं आपण पडलं, असं आपल्या घरात कधी झालंच नाही. त्याला प्रत्येक वेळी कुणीतरी मारलेलं होतं. (मोठ्या माणसांचंही तसंच आहे म्हणा. गल्लीत खड्डा पडला की निम्मे लोक बेंगळूरला शिव्या देतात, निम्मे मुंबईला, आणि खड्डा तसाच राहतो.)

मग ती संध्याकाळ आली. पतसंस्थेत हिशेब जुळत नव्हता म्हणून मला यायला उशीर झाला होता. समर्थ दारात रडत होता. तुम्ही त्याला कडेवर घेतलं होतंत. मी पायरी चढते आहे तोच तुम्ही त्याला विचारलंत, ‘कुणी रडवलं माझ्या राजाला? आईनं? सोडून गेलती व्हय तुला? हात् रे आईला!’ आणि त्याचा हात धरून माझ्या गालावर मारून दाखवलंत. अगदी हळू मारलंत, ते मी कबूल करते. सगळे हसले. मीही हसले, कारण खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या असलेल्या सुनेनं तेव्हा दुसरं काय करायचं असतं? नागेंद्रनी ‘परत मार रे’ म्हणून मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी बघितला. कणकुंबीच्या राजाबाई मावशींनी तर ‘पोरगं हुशार हाय’ असा निरोप पाठवला होता. त्या दिवसापासून भुई, कपाट, खुर्ची आणि स्कूटर यांच्या शेजारी माझाही नंबर लागला. पोरगं हुशार होतं, त्यानं पुढचं स्वतःच शिकून घेतलं.

चष्म्याचं मला परत काढायचं नव्हतं, पण निघालंच आहे तर सांगते. त्या दिवशी तुम्ही त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतलात. तुम्ही! आजपर्यंत त्याच्या हातात काही ना काही देणारा तुमचा हात पहिल्यांदाच घ्यायला पुढे आला होता. तो तुमच्याकडे बघतच राहिला. मग ‘कुनी माल्लं?’ असं त्यानं स्वतःलाच विचारलं, ‘आजीनं’ असं स्वतःच उत्तर दिलं, आणि ‘हात् ले आजीला’ म्हणून देवघरातला पितळी टाळ उचलून तुमच्या तोंडावर मारला. शिकवल्याबरहुकूम, एक पायरी चुकवली नाही. काच फुटली, नाकाजवळ रक्त आलं. तुम्ही भुईवर बसलात आणि रडायला लागलात. मी धावत हळद आणली. पण आत्ती, तुम्हाला हळद नको होती. तुम्ही आपल्या मुलाकडे, नागेंद्रकडे बघत होतात. तुम्हाला कुणीतरी ‘कुणी मारलं माझ्या आईला’ असं विचारायला हवं होतं, आणि नागेंद्र म्हणाले, ‘ल्हान हाय गं ते, आई.’ तुमचा चेहरा पडलेला मी बघितला. मला वाईट वाटलं होतं, ते सांगायचं राहून गेलं, कारण पुढच्याच क्षणी तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘आईनं वळण लावलं न्हाय, आनि काय.’ दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीत, ‘चार दिस ऱ्हाऊन येतो’ म्हणालात आणि निपाणीची बस धरलीत.

त्या वळणावर मी पुष्कळ विचार केला. पोर दिवसभर तुमच्या मांडीवर, खायला तुमच्या हातचं, झोपायला तुमच्या पदराखाली, आणि वळण तेवढं माझं! मी सकाळी त्याचे डबे भरून जाते आणि संध्याकाळी मार खायला परत येते, मधल्या वेळात पतसंस्थेतून वळण पाठवायची काही सोय असती तर पाठवलं असतं. मला राग आला होता, आत्ती. अजून आहे. तुमच्या जागी देवघरात मीच दिवा लावते आणि दिवा लावताना मनात देव नसतो, तुम्हाला द्यायची उत्तरं असतात. रोज नवीन सुचतात. एकेक अशी चांगली असतात की तुम्ही समोर नसल्याचं वाईट वाटतं.

तुम्ही गेल्यावर त्याला जयाबाईंच्या पाळणाघरात घातला, हे तुम्हाला वन्संनी सांगितलं असेलच. जयाबाई पोरांना मराठीत आणि कानडीत दोन्हीत दटावतात. पहिल्याच दिवशी तो तिथून ‘बेडा’, म्हणजे कानडी ‘नको’, शिकून आला. तेव्हापासून भात नको, आंघोळ नको, आई नको, हे सगळं आम्हाला दोन भाषांत ऐकायला मिळतं. तरी बरे दिवस चालले होते. मग परवा, सोमवारी, तिथल्या श्रियाचा पाय लागून त्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. ‘कुनी माल्लं?’ त्यानं विचारलं. कुणी उत्तर देईपर्यंत तो थांबत नाही. त्यानं श्रियाला खाली पाडली आणि तिच्या गालाला चावला, आणि दोघी बायकांनी ओढला तेव्हा सुटला. श्रियाची आई पद्मजा वकील आहे. तिनं पोरीच्या गालाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘मला यावर काही बोलायचं नाही’ असं लिहिलं, आणि मग संध्याकाळपर्यंत बोलत होती. मी तिच्या घरी माफी मागायला गेले. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘घरी तुमच्यात कुणी कुणाला मारतं का?’ मी नाही म्हणाले. खरं म्हणजे मला भुई, कपाट, खुर्ची सगळं आठवलं होतं, पण ते वकिलाला कसं सांगायचं?

जयाबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. ‘बाई, माझ्याच्यानं हुईत न्हाय,’ म्हणाल्या, ‘दुसऱ्यांची पोरं हैत. तुमच्या आत्तींना बोलवून घ्या, न्हायतर तुमी घरात बसा.’ घरात बसा. हे शब्द लोक किती सहज म्हणतात! नागेंद्रही म्हणाले, ‘बस की थोडे दिवस, पोरगं शाळंत जाईपतोर.’ तुम्हीही मनात म्हणत असाल. पण आत्ती, पतसंस्थेत माझं एक टेबल आहे. धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यापासून मिसरूड फुटलेल्या पोरापर्यंत माणसं त्या टेबलासमोर येतात आणि ‘मॅडम, सही कुठं करू?’ असं विचारतात. मी बोट ठेवते तिथे सही करतात. कुणी चावत नाही. या जगात माझं ऐकलं जाईल असं तेवढं एकच ठिकाण आहे, आणि सोमवारी ते जाणार आहे. तसा त्याचा मला फार विचार नाही. आता या वयात कशाचा फार विचार करायचा नाही असं मी ठरवलंय. (वन्सं, माझं वय तुमच्याहून कमी आहे हे मला माहीत आहे.)

तर अशी इकडची खुशाली. तुम्ही काळजी करू नका, गुडघ्यांना तेल लावत जा, चष्मा करून घ्या. वखारीची सवय झाली असेल तर उगाच जागा बदलू नका, सर्दी होते. आम्ही तिघंही मजेत आहोत. जावईबापूंना नमस्कार, वन्संच्या केयूरला अनेक आशीर्वाद. तो शांत मुलगा आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगता. असेलच. त्याची आजी त्याला आतापर्यंत सुटीपुरतीच भेटत होती.

आपली,
वळण न लावलेली सून,
रूपाली

ता. क. हे पत्र मी लिहिलंय हे नागेंद्रना माहीत नाही. भावकूभावजींना माहीत आहे, म्हणजे दोन दिवसांत त्यांनाही कळेल. कळलं तर कळू दे. ‘आईला आपणच बोलवूया’ असं मी त्यांना दोनदा म्हटलं, तर म्हणाले, ‘तिचा राग गेला की ती आपसूक येईल.’ त्यांना अजून वाटतं की तुम्ही समर्थवर रागावून गेला आहात. त्यांना मी काही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगा.

ता. क. दुसरा. वर मी तुम्हाला बोलवत नाही असं लिहिलंय. ते खोडावं म्हणून पेन उचललं होतं, पण सुरुवातीच्या पानावर खाडाखोड दिसली की वन्संना वाटेल मला नीट लिहिता येत नाही. म्हणून ते तसंच ठेवलंय. तुम्ही ते वाचलंच नाही असं समजा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं होतं. सोमवारी पद्मजाच्या घरून आले ती खांद्यावरची पिशवीही न काढता स्वयंपाकघरात भुईवर बसले आणि रडले. आवाज न करता रडायची मला सवय आहे, पण त्या दिवशी आवाज झाला. समर्थ आला. कमरेवर हात ठेवून अगदी तुमच्यासारखा समोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, ‘कुनी माल्लं?’ आत्ती, मी तेव्हा भुई म्हणायला हवं होतं. कपाट म्हणायला हवं होतं, काहीही चाललं असतं. पण तेवढं सुचायला डोकं जागेवर लागतं. मी म्हणाले, ‘तू.’ त्यानं मागे वळून बघितलं, आपल्या मागे दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मग ‘हात् ले’ म्हणून त्यानं स्वतःच्याच गालावर मारून घेतलं. तुम्ही दाखवलं होतंत तसं हळू नाही. मारल्यावर माझ्याकडे बघितलं, माझं रडणं थांबलं का ते. थांबलं नव्हतं, म्हणून त्यानं परत मारलं.

मी त्याचे हात धरून बसले. पण तेव्हापासून माझा चेहरा जरा उतरला की तो हेच करतो. म्हणून मी हसत असते. भांडी घासताना हसते, तो चावला तरी हसते, आणि तो झोपला की मग हे असं पत्र लिहिते. असं मारायचं नसतं, कुणालाच मारायचं नसतं, हे मी त्याला सांगून थकले. तो ऐकत नाही, कारण हे त्याला आजीनं शिकवलंय आणि आजीचं त्याला सगळं खरं वाटतं. ते आजीनंच येऊन मोडायला पाहिजे. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, त्यासाठी मी बोलवत नाही, हे मात्र खरंच. तुमचं चुकलं असं तुम्ही म्हणायला नको. माझं चुकलं असं म्हणा हवं तर, चारचौघांत म्हणा, मी ऐकून घेईन. भावकूभावजींच्या टेम्पोत पुढे तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे. आलात की समर्थला काही विचारू नका. कुणी मारलं, कुणी रडवलं, काही नको. नुसतं जवळ घ्या. आणि जमलं तर मलाही.